भूमिकेतली भूमी

गेल्या डिसेंबरात नागपुरातल्या एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात वादविवाद स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले होते. विषय मुलांनीच ठरवला होता: ‘आरपीजी झाल्यामुळे असॅसिन्स क्रीडचा आत्मा हरवला.’ असॅसिन्स क्रीड ही मारेकऱ्यांच्या एका गुप्त पंथावरची व्हिडिओ गेमची मालिका. आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम: खेळाडू एखादी भूमिका घेतो, आणि त्याची व शत्रूची ताकद बहुधा आकड्यांत, म्हणजे लेव्हलमध्ये, मोजली जाते. मी शाळेत इतिहास शिकवते आणि ही मालिका पहिल्या खेळापासून खेळत आले आहे, म्हणून मला बोलावणं. दीड तास मुलं तावातावाने बोलली. एका बाजूचं सगळं बोलणं ‘खरा फॅन’ या दोन शब्दांभोवती फिरत होतं. जुना खेळ म्हणजे सोनं, नवा म्हणजे पितळ. दुसऱ्या बाजूकडे एकच हत्यार होतं, खपाचे आकडे. निकाल लागल्यावर व्हरांड्यात चहा घेताना खरी जुंपली. स्टेजवरची प्रमाण मराठी गळून पडली होती. एक म्हणाला, “मॅडम, मानेत पातं खुपसलं तरी तो मरत नाही, काहून तं म्हणे त्याची लेव्हल जास्त हाय. हे काय होय मंग?” दुसरा लगेच, “पब्लिकले आवडते तं तुले काय त्रास हाय बे?” मी घरी आले ती हे दोन प्रश्न डोक्यात घेऊनच. पहिला प्रश्न फार चांगला होता आणि त्याला उत्तर मिळालं नव्हतं. दुसरा प्रश्न, माझ्या मते, प्रश्नच नव्हता.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ही मालिका रोल-प्लेइंगकडे वळली म्हणून बिघडली, हे मला मान्य नाही. आणि जे बिघडलं ते काही बिघडलंच नाही, हेही मान्य नाही. हरवली ती गर्दी. हरवली ती सवय, की समोरचं गाव वाचल्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. त्या जागी आकडे आले. हे आकडे आणि ‘भूमिका घेणं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच पिशवीत भरल्यामुळे इतकी वर्षं चाललेला हा वाद जागचा हललेला नाही.

सुरुवात आठवून पाहा. २००७ साली पहिला खेळ आला. काळ ११९१, तिसऱ्या धर्मयुद्धाचा. शहरं जेरुसलेम, एकर आणि दमास्कस. नायक अल्तायरला नऊ माणसं मारायची असतात. पण गेलं आणि मारलं असं होत नाही. आधी शहरात हिंडायचं, बाकावर बसून दोघांचं बोलणं ऐकायचं, कुणाच्या खिशातली चिठ्ठी काढायची, कुणाला बोळात गाठून बोलतं करायचं. मग आपल्या माणसाकडे जाऊन सगळं सांगायचं, तो पांढरं पीस हाती देणार, तेव्हा कुठे काम सुरू. त्याच्या मारेकरी पंथाचे तीन नियम होते: निरपराधावर पातं चालवू नका, डोळ्यांदेखत लपा, बंधुत्वाला धोक्यात आणू नका. यातला मधला नियम म्हणजे खेळाचा प्राण. पांढऱ्या झग्यातल्या विद्वानांचा घोळका चालला की आपण मान खाली घालून त्यात मिसळायचं आणि पहारेकऱ्याच्या नाकासमोरून जायचं. घोडा भरधाव सोडला की लोक वळून बघणार. भिकारीण पदर धरून मागे लागणार, आणि नेमकं तेव्हाच लक्ष्य हातचं निसटणार. मी हा खेळ २००९ साली नागपूरच्या महाल भागात मावसभावाच्या कॉम्प्युटरवर पाहिला. पोळ्याच्या पाडव्याला मारबतीच्या मिरवणुकीत आईचं बोट सुटल्यावर गर्दीच्या लयीत कसं चालायचं, हे मी लहानपणीच शिकले होते. ढकलायचं नाही, थांबायचं नाही, लोक जिकडे वळतील तिकडे अर्धं पाऊल आधी वळायचं. ते शहाणपण एका परक्या खेळात सापडलं आणि मी त्या मालिकेची झाले.

दुसऱ्या भागात, २००९ मध्ये, एत्सियो या नव्या नायकाच्या फ्लॉरेन्समध्ये आणि व्हेनिसमध्ये हे आणखी रंगलं. कुठल्याही चार माणसांत मिसळता येऊ लागलं. रस्त्यावर नाणी उधळली की लोक झुंबड करणार, पहारेकरी अडकणार. आपली बदनामी झाली तर भिंतीवरची पत्रकं फाडायची, दवंडीवाल्याला पैसे चारायचे. म्हणजे शहराला तोंड होतं, कान होते आणि स्मरणशक्तीही होती.

इथे जुन्याच्या भक्तांना एक गोष्ट प्रेमाने पण स्पष्ट सांगायला हवी. ते सोनं लवकर झिजलं. २००९ ते २०१५ दर वर्षी एक मोठा खेळ आला. शत्रू गोल करून उभे राहणार, एकेकाने आपली पाळी येईपर्यंत थांबणार, आपण वार अडवून उलटा वार करणार, आणि वीस सैनिक असेच लोळणार. ही लढाई कधीच चांगली नव्हती. कुणाचा पाठलाग करत त्याचं बोलणं ऐकायचं, अंतर वाढलं की काम रद्द, पुन्हा पहिल्यापासून, हा प्रकार तर इतका वाट्याला आला की ब्लॅक फ्लॅगसारख्या मोकळ्या समुद्रावरच्या खेळातही त्याने जीव खाल्ला. २०१४ च्या युनिटीत क्रांतीच्या काळातलं पॅरिस उभं केलं, गर्दी हजारोंची केली, आणि खेळ बाजारात आला तेव्हा पात्रांचे चेहरेच गायब, नुसते डोळे आणि दात हवेत लटकलेले. खेळ बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीला जाहीर माफी मागावी लागली आणि पुढची एक कथा फुकट द्यावी लागली. २०१६ साली मुख्य मालिकेतला खेळ आलाच नाही. जे होतं तेच चालू ठेवलं असतं तर ‘आत्मा’ वाचला असता, असं म्हणणाऱ्यांनी ते रिकामं वर्ष आठवावं.

आणि २०१७ साली ओरिजिन्स आरपीजी म्हणून आला तेव्हा एका रात्रीत सगळं बदललं, ही दोन्ही बाजूंची लाडकी समजूतही खोटी आहे. २०१० च्या ब्रदरहुडमध्ये आपण रोममधली दुकानं दुरुस्त करत होतो, चेले जमवून त्यांच्या पायऱ्या वाढवत होतो. २०१३ च्या ब्लॅक फ्लॅगमध्ये जहाजाच्या तोफा आणि तळ मजबूत करण्यासाठी लूट गोळा करत होतो. युनिटीत अंगरख्याला आणि बुटालाही गुण-आकडे चिकटले होते. २०१५ च्या सिंडिकेटमध्ये लंडनच्या वस्त्यांना आणि गुंडांना चक्क लेव्हल होत्या. ओढा आधीपासून वाहत होता, ओरिजिन्समध्ये तो नदीला मिळाला. मग ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ अशी भिंत घालून दगडफेक कशासाठी?

आता त्या व्हरांड्यातल्या मुलाच्या प्रश्नाकडे येते, कारण विरोधकांचा सगळ्यात जोरकस मुद्दा तोच आहे आणि तो मला पूर्ण मान्य आहे. लपवलेलं पातं ही या मालिकेची खूण. त्या पात्याचा अर्थ असा, की तू इतकं नीट पाहिलंस, इतका शांत राहिलास, इतक्या जवळ पोचलास, की आता पुढचं सगळं एका क्षणाचं. ती मेहनतीची पावती होती. ओरिजिन्समध्ये शत्रू चार-पाच लेव्हल वरचा असेल तर ते पातं त्याला ओरखडा काढून थांबतं. त्यानंतरच्या, प्राचीन ग्रीसमधल्या ओडिसीत तर पातंच नाही, स्पार्टाचा राजा लिओनिडास याच्या मोडक्या भाल्याचं टोक आहे, आणि छुप्या हल्ल्याच्या नुकसानीचा वेगळा रकाना आहे. अर्धा तास छपरावर पालथं पडून पहारा मोजला, वाऱ्यासारखे उतरलो, आणि समोरच्याच्या डोक्यावर लाल कवटी, म्हणजे तो आपल्यापेक्षा फार वरच्या लेव्हलचा! याला कुठलंच समर्थन नाही. पुढे व्हॅल्हाला आणि शॅडोज या खेळांमध्ये ‘हमखास हत्या’ असा पर्याय सेटिंगमध्ये ठेवला, म्हणजे निर्मात्यांनीही चूक ओळखली. पण मुळातला प्रश्न सेटिंगच्या पानावर ढकलून मिटत नाही. मालिकेचा प्राण हवा की नको, हे खेळाडूने खूण करून सांगायचं?

दुसरा मुद्दा लांबीचा, आणि तोही खरा आहे. जुन्या खेळांची कथा वीसेक तासांत संपायची. व्हॅल्हालाची मुख्य कथा साठ तासांच्या आसपास जाते, सगळं करायचं म्हटलं तर शंभर कधीच मागे पडतात. नुसतं लांब असणं हा गुन्हा नाही. पण इंग्लंडच्या नकाशावर प्रांताप्रांतावर ‘इथे यायला इतकी ताकद हवी’ असा आकडा लिहिलेला असतो, आणि प्रत्येक प्रांतात जाऊन तीच चाल: नवा सरदार, नवा पेच, किल्ल्याचं दार फोडणं, मैत्री, परत. ओडिसीच्या वेळी तर कंपनीने अनुभवाचे गुण भराभर वाढवणारी सोय वेगळे पैसे घेऊन विकली. आधी वाट लांब करायची आणि मग जवळची वाट विकायची. मी शिक्षिका आहे. धडा मुद्दाम अवघड करून त्याची गाइड विकणाऱ्यांविषयी मला जे वाटतं तेच इथे वाटलं.

एवढं सगळं कबूल केल्यावरही मी आरपीजीच्या बाजूने का? ओरिजिन्समधल्या बायेकच्या तारकांसाठी. बायेक हा सिवा ओॲसिसचा मेजाय, लोकांचा रखवालदार. त्याचा मुलगा खेमू मारला गेलेला आहे. कथा सूडाची, आणि सूडाची कथा जुन्या पद्धतीने सरळ रेषेत सांगता आली असती. पण इजिप्तभर विखुरलेली दगडांची वर्तुळं आहेत. तिथे बायेक थांबतो, आकाशातला एखादा तारकासमूह ओळखतो आणि मुलाबरोबरची एक आठवण मनाशी उगाळतो. कुणी जायला सांगत नाही. न गेल्याने काही अडत नाही. मी एकदा मध्यरात्री, मुख्य कामाला निघालेली असताना, वाटेतलं वर्तुळ पाहून वळले. नंतर कधीतरी दुसरं सापडलं. बारा वर्तुळं पूर्ण होईपर्यंत महिना गेला. शोक हा असाच असतो ना? कामाला निघालेल्या माणसाला वाटेत गाठणारा. सरळ रेषेतल्या कथेत हाच प्रसंग तीन मिनिटांचं दृश्य होऊन संपला असता. भटकण्याची मोकळीक नसती तर बायेकचं बापपण मला इतकं कळलं नसतं.

दुसरं उदाहरण ओडिसीतलं. केफालोनिया बेटावर सुरुवातीलाच एक गाव लागतं. तिथे साथ पसरलेली, घरं पेटवलेली, आणि पुजारी एका आजारी कुटुंबाला मारून टाकायला निघालेत. सोडवायचं की नाही, ते आपण ठरवायचं. बहुतेक जण दयेपोटी सोडवतात. मीही सोडवलं. काही तासांनी दूरच्या किनाऱ्यावर बातमी मिळते की साथ सगळ्या बेटावर पसरली. तोवर मागे फिरायची वेळ गेलेली असते. एत्सियोने असं काही कधी ठरवलं नव्हतं; त्याच्यासाठी लेखकाने ठरवलेलं होतं आणि आपण फक्त त्याचे हातपाय हलवत होतो. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या वेळी घरात शिरून रोगी काढणारे सोजीर आणि त्यांच्यावर चिडलेली माणसं हा धडा मी दरवर्षी शिकवते. ‘साथ थांबवायची तर कुठपर्यंत जायचं?’ हा प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदाने मुलांच्या पोटात उतरत नाही. त्या बेटावर तो माझ्या पोटात उतरला.

म्हणून मला वाटतं, आपण ‘रोल’ या शब्दाकडेच नीट पाहिलेलं नाही. आपल्याकडे त्याला शब्द आहे भूमिका, आणि त्या शब्दातच भूमी आहे. भूमिका म्हणजे नुसतं पात्र नव्हे, पाय टेकायची जागाही. मी या गावात कोण, माझे कपडे काय सांगतात, कोणत्या दारातून मला आत घेतील आणि कोणत्या दारातून हाकलतील, हे ठरल्याशिवाय भूमिका होत नाही. आपल्या गावोगावच्या बहुरूप्याला हे पक्कं माहीत होतं. बहुरूपी फौजदार होऊन येतो तेव्हा नुसती टोपी घालत नाही. त्या गावचा पाटील कोण, कुणाची भांडणं कुठवर आलीत, कुणाला खडसावलं तर लोक हसतील आणि कुणाला खडसावलं तर अंगावर येतील, हे सगळं त्याने आधी टिपलेलं असतं. शिवकाळातला बहिर्जी नाईक बहुरूप्याच्या सोंगात शत्रूच्या मुलखात फिरायचा, अशी आपली परंपरा सांगते. डोळ्यांदेखत लपा! तोच नियम. ज्याला भूमिका घेता येते त्यालाच गर्दीत लपता येतं. मग रोल-प्लेइंग आणि गर्दी ही एकमेकांची वैरी कशी?

वैरी नाहीत, याचा पुरावा बाहेरच्या एका खेळाने दिला. २०१८ मध्ये किंगडम कम: डिलिव्हरन्स आला, १४०३ सालच्या बोहेमियातला. तो अस्सल आरपीजी आहे, जुन्या असॅसिन्स क्रीडपेक्षा कितीतरी अधिक. त्यातला हेन्री लोहाराचा मुलगा. त्याला वाचता येत नाही. शिकवणारा गाठून शिकावं लागतं, तोवर पुस्तक उघडलं तर अक्षरांचा गोंधळच दिसतो. अंगावर चिखल आणि रक्त घेऊन सरदारापुढे गेलात तर तो नीट बोलत नाही. अंघोळ करून, चांगला अंगरखा घालून गेलात तर तोच माणूस ऐकून घेतो. म्हणजे समाज तुम्हाला वाचतो, तुम्ही समाजाला वाचता. अल्तायरच्या गर्दीत जे बीज होतं त्याचं झाड इथे दिसतं. हे झाड असॅसिन्स क्रीडच्या अंगणात वाढायला हवं होतं. २०१७ साली आरपीजीच्या दुकानात जाऊन निर्मात्यांनी लेव्हल, लूट आणि दर्जानुसार रंग दिलेल्या तलवारी एवढंच उचललं, भूमिका तिथेच ठेवून आले. ओरिजिन्सच्या अलेक्झांड्रियात आणि ओडिसीच्या अथेन्समध्ये माणसं आहेत, बाजार आहेत, पण त्यांच्यात मिसळून लपायची सोय नाही. इतकी सुंदर शहरं आणि आपण त्यांच्यात कायम उपरे. माझी तक्रार ही आहे, की आरपीजीपण जास्त झालं नाही, अर्धंच आलं. ओडिसीच्या पुढच्या एका कथाभागात तर खेळाडूने आपल्या पात्रासाठी निवडलेलं प्रेमजीवन बाजूला सारून त्याच्यावर संसार आणि मूल लादलं गेलं. लोक संतापले, कंपनीने दिलगिरी व्यक्त करून तो भाग बदलला. भूमिका मनापासून दिली असती तर हे घडलंच नसतं.

मराठी माणसाला हा पेच नवा नाही. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल संगीत नाटक म्हणून उभं केलं तेव्हा गाणं हे सांगायचं साधन होतं. संवाद जिथे थिटा पडेल तिथे पद उचलून धरायचं. १८९९ च्या देवलांच्या शारदेत पद पात्राच्या तोंडचं वाटतं, इतकं ते त्या मुलीच्या भयाला चिकटलेलं आहे. पुढे काय झालं? गायक मोठे झाले, ‘वन्स मोअर’ वाढले, एकेक पद आळवत पहाट होऊ लागली, आणि नायिका संकटात असताना नाटक थांबून मैफल सुरू झाली. तेव्हाही भांडणं झाली. एक गट म्हणाला, गाण्याने नाटक मारलं. दुसरा म्हणाला, लोक तर गाण्यासाठीच तिकीट काढतात. दोघांनाही देवलांचं उदाहरण समोर असून दिसलं नाही. दोष गाण्याचा नव्हता. गाणं कथेच्या अंगावरून उठून स्वतःच पाटावर बसलं, तो दोष होता. आरपीजीचे आकडे हे आपल्या खेळातले ‘वन्स मोअर’ आहेत. ते काढून टाका म्हणणं सोपं आहे. पण त्यांच्याबरोबर बायेकची वर्तुळं आणि केफालोनियाची साथही फेकून देणार का?

‘मग मिराजचं काय?’ असं जुन्याच्या बाजूचा मुलगा विचारेल, आणि विचारावंच. २०२३ चा मिराज मुळात व्हॅल्हालाची जोडकथा म्हणून सुरू झाला होता, पुढे स्वतंत्र खेळ झाला. नवव्या शतकातलं बगदाद, गोलाकार शहराभोवती पसरलेले बाजार, बासिम नावाचा चोर. वीसेक तासांत संपणारा, गर्दी परत आणणारा, पत्रकं पुन्हा फाडायला लावणारा. माझ्या निकषावर तो गाव वाचायला लावतो, आणि मला तो मनापासून आवडला. पण बगदादच्या त्या बाजारात फिरताना जाणवत राहिलं की बासिमला कुणी काही विचारत नाही. तो चोर होता, ज्ञानाच्या त्या अफाट शहरात तो कुणाच्या बाजूने उभा राहणार होता? खेळ ठरवून मोकळा होतो. गर्दी परत आली, भूमिका गेली. एक डोळा उघडताना दुसरा मिटावा लागतो, असं कुणी सांगितलं?

खपाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. व्हॅल्हाला या मालिकेतला सगळ्यात कमाईचा खेळ ठरला, हे खरं. तो २०२० च्या नोव्हेंबरात आला, जग घरात कोंडलेलं होतं, हेही खरं. आणि समजा जग मोकळं असतं तरी? लोकांनी विकत घेतलं यावरून लोकांना काय हवं होतं ते कळतं. काय मिळालं ते खेळूनच कळतं. ‘तुले काय त्रास हाय’ म्हणणाऱ्या त्या गुणी मुलाला मी तिथेच म्हटलं, की त्रास आहे, कारण माझं प्रेम आहे.

राहिला शॅडोज. २०२५ च्या मार्चमध्ये तो आला, दोनदा पुढे ढकलून. १५७९ पासूनचा जपान, दोन नायक: इगाची शिनोबी, म्हणजे निन्जा, नाओए आणि आफ्रिकेतून आलेला यासुके. यासुकेवरून जो गदारोळ झाला त्यातला मोठा भाग निव्वळ द्वेषाचा होता आणि त्याला उत्तर देण्यात अर्थ नाही. यासुके खराखुरा होता. जेझुइट धर्मगुरू वालिन्यानो याच्याबरोबर तो जपानला आला, १५८१ साली तिथला बलाढ्य सरदार नोबुनागा याने त्याला पदरी ठेवलं. त्याचा नेमका हुद्दा कोणता, यावर अभ्यासक वाद घालू शकतात आणि घालतात. पण जपानमधून आलेला एक आक्षेप मात्र रास्त होता: खेळात खऱ्या देवस्थानाची मोडतोड करता येत होती. तिथल्या संसदेत तो विषय निघाला, आणि पहिल्याच दिवशीच्या दुरुस्तीत देवळातल्या वस्तू न मोडणाऱ्या करण्यात आल्या. मला यात कंपनीची शरणागती दिसत नाही. देवळात शिरलेल्या माणसाला देवळातली रीत लागू झाली, इतकंच. गाव वाचणं याचाच तो एक भाग. शिवाय यासुके आणि नाओए यांच्यातच हा सगळा वाद मांडून ठेवलेला आहे. ती अंधारात लपते. तो जिथे जाईल तिथे लोक थांबून बघतात, काही जण वाकून नमस्कार करतात. तो लपूच शकत नाही. किती मोठी संधी होती! ज्याला लपता येत नाही अशा माणसाची भूमिका, डोळ्यांदेखत लपण्याच्या मालिकेत. खेळाने ती अर्धीमुर्धीच घेतली आणि पुन्हा शस्त्रांच्या रंगांकडे वळला, याचं मला वाईट वाटतं.

इतिहासाच्या बाजूने एक शेवटची शंका माझ्याच व्यवसायातले लोक घेतात: हे खेळ इतिहास कुठे आहेत, बखरी आहेत. मान्य. युनिटीतल्या नोत्र-दाम चर्चवर एकोणिसाव्या शतकात बांधलेला मनोरा दिसतो, गोष्ट अठराव्या शतकाची असून. इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींना अस्सल कागदांसमोर उभं करून त्यांचं काय केलं ते आपण जाणतोच. पण म्हणून बखर वाचायची नसते का? बखर भाऊसाहेबांच्या तोंडी कोणती वाक्यं घालते यापेक्षा, पानिपतची बातमी घरी पोचल्यावर माणसं कशी हादरली हे तिने कसं धरलं, ते मोलाचं. ओरिजिन्सबरोबर २०१८ मध्ये हत्यारांशिवाय फिरायची ‘डिस्कव्हरी टूर’ आली. त्यात लेव्हल नाही, शत्रू नाही; फक्त इजिप्त, आणि ते समजावून सांगणारं कुणीतरी. मी ती वर्गात लावली. चाळीस मुलं पापुद्रे लावून पपायरस कसा बनतो ते पाहत गप्प बसली होती. आकडे काढून घेतल्यावरही ती भूमी उभी राहिली. म्हणजे ती आधीपासून भक्कमच होती. तिच्यावरचा आकड्यांचा मांडव तेवढा जास्त झाला होता.

त्या स्पर्धेनंतर मी दोन्ही बाजूंच्या चार मुलांना २६ जानेवारीला सीताबर्डीच्या किल्ल्यावर नेलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात, वर्षातले मोजकेच दिवस लोकांना उघडतो. नोव्हेंबर १८१७ मध्ये इथे आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज भिडली. आकडा भोसल्यांच्या बाजूला होता, कितीतरी पटींनी. लेव्हल पाहून कुणी पैज लावली असती तर भोसल्यांवरच लावली असती. पण लढाई दोन टेकड्यांची होती, एक थोरली, एक धाकटी. धाकटीवर भोसल्यांच्या पदरचे अरब चढले तेव्हा पारडं त्यांच्याकडे झुकलं. धाकटी हातची गेली तेव्हा फिरलं. कॅप्टन फिट्झजेराल्डची घोडदळाची तुकडी खालच्या मोकळ्या मैदानात नेमकी कुठून सुटली, त्यावर पुढचं सगळं ठरलं. मी मुलांना म्हटलं, तुमच्या खेळात ही लढाई बसवा. जुन्या पद्धतीने बसवा किंवा नव्या.

जुन्याच्या बाजूचा मुलगा, तोच पात्याचा प्रश्न विचारणारा, तटावर उभा राहून हात आडवा धरून धाकटी टेकडी मोजू लागला. खाली वाहनांचा गलबला, पलीकडे रेल्वे स्टेशन, टेकडीच्या गणपतीची रांग. नव्याच्या बाजूचा म्हणाला की खेळाडू अरब शिपाई असावा, नाहीतर रेसिडेन्सीतला मुन्शी, आणि बाजू त्याने स्वतः निवडावी. यावर पहिला बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, “मॅडम, टेकडीखाली वस्ती होती म्हणता नं तुम्ही? त्या रात्री त्या घरांतले लोक कुठं गेले असतीन?”